चौथा रकाना

१५ जून, रविवार. विद्यार्थी मंडळाचं कपाट रिकामं करायचं आहे.

शाळा उद्या उघडते. नव्या मुख्याध्यापिका मॅडमनी एप्रिलमध्येच हे मंडळ माझ्या गळ्यात घातलं. "तुम्ही प्रॅक्टिकल आहात," असं कारण दिलं. त्यांना उद्या सकाळी आठ वाजता अकरा मुलांची नावं हवी आहेत. अकराच का, तर पट्टे अकरा शिवून आले आहेत. लाल सॅटिनचे, सोनेरी अक्षरांचे. यादी करायला मला दहा मिनिटं लागली. वर्गात पहिले येणारे सहा, दिसायला नीटनेटके तीन आणि संस्थेच्या माणसांची दोन. यादी पर्समध्ये आहे. वेळ खातंय ते कपाट.

आतापर्यंत निघालेला माल: बंद पडलेला माईक, तीन वर्षांचे जुने पट्टे, सुकलेला हार, 'स्वागतम्' मधला नुसता 'स्वा'. आणि सगळ्यात खालच्या फळीवर, एका जाड वहीच्या खाली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्याला प्लॅस्टिकचं सील होतं, कंटेनरला लावतात तसं. सील बघितल्यावर डबा कोणाचा हे विचारावं लागलं नाही. मी खाली बसले.

डबा सरांचा. ते भूगोल शिकवायचे. त्याआधी चार वर्षं ते न्हावा शेव्याला कंटेनरचे कागद तयार करायचे. ती नोकरी का सोडली असं कोणी विचारलं की म्हणायचे, "तिथे सगळं वेळेवर व्हायचं. मला काही काम उरलं नाही." शाळेत आल्यावर त्यांना आयुष्यभर पुरेल एवढं काम मिळालं. बंदरातून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या: ती सीलं आणि दोरा बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. त्यांची छत्री, त्यांचा डबा, त्यांचा नकाशा गुंडाळायचा बांबू, सगळ्याला चिठ्ठी. एकदा मला स्टाफरूममध्ये खडूचा तुकडा सापडला, त्यालाही चिठ्ठी होती: 'सातवी ब. अर्धा शिल्लक.'

विद्यार्थी मंडळ त्यांच्याकडे आलं कारण दुसऱ्या कोणाला ते नको होतं. तोवर मंडळ म्हणजे पंधरा ऑगस्टला खुर्च्या लावणारी मुलं. सरांनी पहिल्याच दिवशी मंडळाच्या खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढल्या. सभा उभ्यानं. "बसलेला माणूस बोलतो," ते म्हणायचे, "उभा माणूस ठरवतो." सभा खरोखरच बारा मिनिटांत संपायच्या. आमच्या स्टाफ मीटिंगा बसून दोन तास चालायच्या आणि शेवटी चहाचं ठरायचं, तेही पुढच्या वेळी कोणी आणायचा एवढंच.

निवडणुकीत भाषणं बंद. उभं राहायचं असेल त्याला सर हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यातली एक वस्तू द्यायचे आणि सांगायचे, "तीन दिवसांत मालक शोधून आण. आणलास तर तुझं नाव मतपत्रिकेवर." एका वर्षी सगळं पनवेल एका डाव्या बुटाच्या मागे होतं. आठवीतल्या एका मुलीनं बुटाचा मालक शोधला तेव्हा तो शाळा सोडून खारघरला, पार बेलपाड्यात राहायला गेला होता आणि त्याचा पाय दोन नंबरनं वाढला होता. तरी तिनं त्याच्याकडून 'मिळाला' अशी सही आणली. ती मुलगी म्हणजे दर्शना. खाडीकाठच्या गावातून एसटीनं यायची. वडील होडीवर, आई मासळी बाजारात. ती पुढे मंडळाची सचिव झाली.

त्याच निवडणुकीत फरहान नावाच्या मुलानं छत्रीचा मालक म्हणून स्वतःच्या चुलतभावाला उभं केलं. भावाला छत्री उघडता येईना, म्हणून पकडला गेला. सरांनी त्याचं नाव मतपत्रिकेवरून काढलं आणि त्याच दिवशी त्याला मंडळाचा पत्रव्यवहार दिला.

मी विचारलं, "खोटं बोलला त्याला बक्षीस?"

"बाई, तो साक्षीदार शिकवून आणतो. संस्थेच्या ऑफिसशी बोलायला असाच माणूस लागतो. वाया कशाला घालवायचा?"

ठरावाच्या वहीत चार रकाने होते. पहिला: काय. दुसरा: कोण. तिसरा: कधीपर्यंत. चौथा: नाही झालं तर ओरडा कोणाला. 'शिस्त' आणि 'संस्कार' हे दोन शब्द सभेत उच्चारायला बंदी होती, कारण त्यांच्यासाठी तिसरा रकाना भरता येत नाही, असं सरांचं म्हणणं. मुख्याध्यापक एकदा सभेला आले आणि तिसऱ्याच वाक्याला त्यांना थांबवण्यात आलं.

चौथा रकाना शोभेचा नव्हता. ओरडा म्हणजे खरा ओरडा, दोन मिनिटं, खेळाच्या सरांकडचं स्टॉपवॉच लावून. ज्याचं नाव रकान्यात, त्यानं मान खाली घालून ऐकायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाण्याची टाकी धुवायची तारीख सरांकडून चुकली होती. सहावीतला एक मुलगा, सरांच्या कमरेएवढा, त्यांच्यासमोर उभा होता आणि घाबरून पुटपुटत होता, "सर, तुम्ही... असं... बरं नाही." सर मान खाली घालूनच म्हणाले, "आवाज वाढव. मागे ऐकू येत नाही." मुलानं वाढवला. पुढच्या दीड मिनिटात त्यानं टाकीवरून सुरुवात करून भूगोलाच्या चाचणीपर्यंत सगळं काढलं. वेळ संपल्यावर सर म्हणाले, "चाचणीचं या ठरावात नव्हतं. पण मुद्दा बरोबर आहे."

मी विज्ञान शिकवते. मला हा सगळा प्रकार पोरखेळ वाटायचा, आणि मी तसं सांगायचे. गळका नळ दिसला तर मी वॉशर आणते. त्यावर ठराव करत नाही. आमचं जमत नव्हतं ते इथेच, आणि ते उघड्यावर आलं मुलींच्या स्वच्छतागृहावरून.

चार दारं, आणि एकालाही आतून कडी नाही. एक मुलगी आत, दुसरी बाहेर दार धरून. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची, मुली तीनशेच्या वर. ज्यांना कोणी धरायला मिळायचं नाही त्या जायच्याच नाहीत. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला म्हणजे बायकांना. आमच्या स्टाफच्या दाराला कडी होती.

विषय दर्शनानं काढला. सर नंतर मला सांगत होते, ती सभेत उभी राहिली आणि म्हणाली, "आमी सकाळपासून पानीच पीत नाय. म्हंजे जायाला नको." मुलगे बुटांकडे बघत राहिले. सरांनी वही उघडली. काय: चार कड्या. कोण: संस्थेचं ऑफिस. कधीपर्यंत: पंधरा दिवस. ओरडा: मुख्याध्यापक.

फरहाननं पत्र लिहिलं. मी वाचलं होतं, अत्यंत अदबशीर. ऑफिसचं उत्तर आलं की दार इमारतीच्या विभागात येतं, कडी फर्निचरच्या, आणि दोघांची संयुक्त बैठक दिवाळीनंतर आहे. फरहाननं दुसरं पत्र पाठवलं. उत्तर आलं की पहिल्या पत्राला उत्तर दिलेलं आहे. पंधरा दिवस झाले. मुख्याध्यापकांना ओरडा देण्यात आला, त्यांनी तो फोनवर बोलत बोलत ऐकला, म्हणून सरांनी घड्याळ परत शून्यावर आणलं.

मी म्हटलं, "सर, ऐंशी रुपयांची कडी आहे."

"मग संस्थेला जड जायला नको."

"मी आणते."

"तुम्ही आणू नका."

मी आणली. शनिवारी शाळा सुटल्यावर एसटी स्टँडजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून एक कडी घेतली आणि पहिल्या दाराला स्वतः बसवली. माझ्या पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर असतोच. बाकीच्या तीन पुढच्या शनिवारी, असा विचार होता.

मंगळवारी ऑफिसचं पत्र आलं. 'कडी बसवण्यात आल्याचे समजते. सबब विषय बंद करण्यात येत आहे.'

तीनशे मुलींना एक कडी, आणि फाइल बंद. बंद मी केली होती. बुधवारी सकाळी साडेसहाला सरांनी सफाईच्या मावशींना बाहेर उभं करून माझी कडी काढली आणि ऑफिसला कळवलं: 'सदर कडी अनधिकृत होती. काढली आहे. विषय पुन्हा उघडावा.'

मी स्टाफरूममध्ये त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. "मुली दार धरून उभ्या राहतात, सर. तुम्हाला कल्पना आहे?"

"नाही. म्हणून मी ठरवत नाही, त्या ठरवतात."

"कडी काढायचं त्यांनी ठरवलं?"

"नाही. ते मी केलं. चूक असेल तर रकाना आहे."

"रकाना घाला चुलीत."

"बाई, तुमची बदली झाली, तुम्ही आजारी पडलात, की कडी तुटल्यावर मुलींनी कोणाकडे जायचं? तुमच्या पर्सकडे?"

"आज कुठे जायचं ते सांगा."

माझं त्या दिवशी जे मत होतं ते आजही आहे. कडी ठेवून भांडता आलं असतं. दर्शनाचंही तेच मत होतं. दुसऱ्या दिवशीच्या सभेत तिनं सरांना ओरडा दिला. दोन मिनिटं. "एक तरी हाय म्हनून मुली जायला लागल्या व्हत्या! तुमाला कोनी इचारलं?" त्या दिवशी सरांना 'आवाज वाढव' म्हणावं लागलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बालवाडीत पोरं रडायला लागली. सर मान खाली घालून उभे होते, आणि वेळ संपल्यावरही तसेच उभे राहिले.

पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या वेळी दर्शना चक्कर येऊन पडली. मीच तिला उचललं. ओठ कोरडे पडलेले. पहाटे पाचला घरून निघालेली, पाण्याचा थेंब नाही. मीठ-साखर-पाणी दिलं, तर घोट घेताना मला विचारते, "बाई, आता पिऊ, पन मग जाऊ कुठं?" मी तिला स्टाफच्या स्वच्छतागृहात नेलं आणि स्वतः दाराशी उभी राहिले. ते दार धरायची गरज नव्हती. त्याला कडी होती.

बाहेर आल्यावर ती त्या कडीकडे बघत होती. बराच वेळ.

मधल्या सुट्टीत तातडीची सभा झाली. ठराव एकमतानं. काय: मुलींच्या चार दारांना कड्या बसेपर्यंत शाळेतल्या एकाही दाराला कडी नको. कोण: मंडळ आणि सर. कधीपर्यंत: आज, शाळा सुटेपर्यंत. ओरडा: लागू नाही, कारण हे होणारच आहे.

आणि झालं. कार्यानुभवाच्या तासाला नऊ मुलं नऊ स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघाली. नववा माझा होता. मागायला फरहान आला होता. मी प्रश्न न विचारता दिला. एकूण त्रेचाळीस कड्या निघाल्या. प्रयोगशाळा, ग्रंथालय, मुख्याध्यापकांची केबिन, स्टाफची दोन्ही स्वच्छतागृहं, पाहुण्यांसाठी राखीव असलेलं ते टाइल्सवालं. प्रत्येक कडीला दोऱ्यानं चिठ्ठी: कुठलं दार, किती स्क्रू, कोणी काढली. सगळ्या बिस्किटांच्या डब्यांत, डब्यांना सील.

दुसऱ्या दिवशीपासून शाळा उघडी पडली, अगदी शब्दशः. मुख्याध्यापकांच्या केबिनचं दार वाऱ्यानं उघडायचं आणि ते बिचारे पाय लांब करून बुटानं धरून ठेवायचे. त्यामुळे त्यांना भेटायला जाणाऱ्याला त्यांचं मोजे घातलेलं पाऊलच आधी दिसायचं. पुरुष शिक्षकांच्या बाजूला गाण्याची पद्धत पडली. गणिताचे सर आत असले की पाढे म्हणायचे. एकोणतीसचा पाढा ऐकू आला की समजायचं, वेळ लागणार. आम्ही बायका मुलींसारखं जोडीनं जायला लागलो. दोन दिवसांत स्टाफरूममध्ये कड्यांविषयी जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या तीन वर्षांत झालं नव्हतं. सर शांतपणे स्वतः बिनकडीच्या दाराआड जायचे आणि नकाशाचा बांबू आतून आडवा लावायचे. दर्शनानं तोही जप्त केला.

गुरुवारी संस्थेचे अध्यक्ष आले. स्पोर्ट्स डेचं काहीतरी होतं. आल्या आल्या सरबत घेतलं, मग दुसरं घेतलं, मग पाहुण्यांच्या स्वच्छतागृहात गेले. मी समोरच्या वर्गात शिकवत होते, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

आतून खडखड ऐकू आली. मग अध्यक्षांचा आवाज, "अरे, याला कडी नाही का?"

बाहेर फरहान हजर. "नाही साहेब. पण टेन्शन घेऊ नका. मंडळाचा माणूस दारावर आहे. तुम्ही आरामात."

त्याच वेळी तिसरीची रांग मैदानाकडे निघाली होती. फरहान कर्तव्याला पक्का. प्रत्येक तीन-चार मुलांमागे खणखणीत आवाजात सांगत होता, "इकडे नको, अध्यक्षसाहेब आत आहेत! पुढे चला, अध्यक्षसाहेब आत आहेत!" तिसरीच्या मुलांना प्रतिष्ठित माणसासमोर काय करायचं ते शिकवलेलं होतं. ती दारासमोर थांबून, हात जोडून, एका सुरात "नमस्ते साहेब" म्हणून पुढे जात होती. आतून दोनदा "नमस्ते" असं उत्तर आलं. नंतर आलं नाही.

मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. शिक्षकानं वर्गासमोर हसू नये.

अध्यक्ष बाहेर आले तेव्हा समोर दर्शना वही घेऊन उभी होती. ते लालबुंद होऊन म्हणाले, "काय चाललंय हे? किती दिवस चाललंय?"

"तुमचं पाच मिंटं झालं, साहेब," ती म्हणाली. "आमचं पाचवीपासून चाललंय."

चार कड्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बसल्या. सोबत नवा नळसुद्धा, जो कोणी मागितला नव्हता. सरांनी डब्यांची सीलं तोडून त्रेचाळीस कड्या त्याच संध्याकाळी जिथल्या तिथे बसवल्या. एकही स्क्रू उरला नाही, कमी पडला नाही. माझा स्क्रू ड्रायव्हर चिठ्ठीसकट परत आला.

पुढच्या आठवड्यात सरांना मेमो आला: विद्यार्थ्यांना चिथावणी. मंडळ त्यांच्याकडून काढून घेतलं आणि त्यांना ग्रंथालयात बसवलं. निवृत्तीला तीन वर्षं होती, तीही तिथेच काढली. मेमो त्यांनी मला दाखवला तेव्हा एवढंच म्हणाले, "यात तिसरा रकाना नाही. किती दिवसांसाठी, ते लिहिलेलंच नाही." मंडळ मराठीच्या बाईंकडे गेलं, त्यांनी पट्टे आणले, खुर्च्या परत आल्या.

सर हल्ली रोडपालीला राहतात. गेल्या महिन्यात बाजारात भेटले. त्यांच्या सोसायटीची लिफ्ट बंद आहे. ती सुरू होईपर्यंत कमिटीच्या सभा सातव्या मजल्यावर भरवायच्या, असा ठराव त्यांनी पास करून घेतलाय. दर्शना कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. ट्रकवाले तिला घाबरतात, असं ऐकते.

तर, डबा. सगळ्या कड्या परत गेल्या होत्या, मग हा कशाचा? कात्रीनं सील कापलं. आत एक कडी, चार स्क्रू आणि चिठ्ठी, त्यांच्या तिरक्या अक्षरात: 'बाईंची कडी. अनधिकृत. मंडळाचा निर्णय होईपर्यंत जमा.'

मग वही उघडली. शेवटचा भरलेला ठराव मेमो येण्याच्या आदल्या दिवशीचा. काय: बाईंनी न विचारता बसवलेली कडी आणि सरांनी न विचारता काढलेली कडी, यावर निर्णय. कोण: मंडळ. कधीपर्यंत: पुढची सभा. चौथ्या रकान्यात दोन नावं होती. सरांच्या नावापुढे दर्शनाच्या अक्षरात 'दिला' असं लिहून बरोबरची खूण केलेली. माझ्या नावापुढे काही नाही. पुढची सभा झालीच नव्हती.

कपाट पुसून काढलं, पट्टे घडी करून वर ठेवले, डबा आणि वही पिशवीत टाकून घरी आले.

१६ जून, सोमवार. सकाळी पावणेसातला शाळेत पोचले. आधी मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन चारही दारं बघितली. तीन ठीक. चौथ्याची कडी एका स्क्रूवर लोंबत होती आणि चौकटीवर ती जिथे घासायची तिथे खोल खाच पडली होती. म्हणजे बरेच महिने. मी रोज त्याच्या शेजारून जाते. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला कोणाकडे जायचं हे मुलींना माहीत नव्हतं. लोंबती कडी काढली, डब्यातली बसवली. सात मिनिटं लागली.

साडेसातला गेल्या वर्षीच्या पट्टेवाल्यांपैकी जे शाळेत उरलेत त्या सात मुलांना मंडळाच्या खोलीत बोलावलं. ती नेहमीप्रमाणे खुर्च्यांकडे वळली. खुर्च्या मी आधीच बाहेर काढल्या होत्या. वही उघडून त्यांना तो ठराव वाचून दाखवला, चार रकाने समजावून सांगितले आणि म्हटलं, "ही कडी मी आज परत कोणाला न विचारता बसवली आहे. ठेवायची की काढायची, ते तुम्ही ठरवा. मी बोलणार नाही."

सगळी एकमेकांकडे बघायला लागली. मग चर्चा झाली. नऊ मिनिटांत निर्णय. कडी ठेवायची. दर सोमवारी चारही दारं तपासायची, कोणी तपासायची तेही दुसऱ्या रकान्यात लिहिलं. आणि जुना विषय शिल्लक ठेवायचा नाही: बाईंचा राहिलेला ओरडा आजच.

ओरडा कोणी द्यायचा यावर जरा ढकलाढकली झाली. शेवटी सातवीतल्या एका बारीक मुलीला पुढे केलं. मी मोबाइलवर दोन मिनिटं लावली आणि मान खाली घातली. तेवढ्यात दारात शिपाई आला. "बाई, मोठ्या मॅडम यादी मागतायत."

"सभा चालू आहे," मी म्हटलं. यादी पर्समध्ये होती, तिथेच राहिली.

मुलीनं शिपायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुम्ही... आम्हाला... विचारायला हवं होतं."

"आवाज वाढव," मी म्हटलं. "मागे ऐकू येत नाही."